मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं काय? (आहार, ढेरी आणि आतड्याचा कॅन्सर)

रानमेवा

दिवाळी फराळाच्या धाग्यावर एका आयडीने लिहिलं होतं, "आम्ही शुद्ध शाकाहारी, आतड्याच्या कॅन्सरची काळजी मटणवाल्यांनी करावी." तिथेच उत्तर दिलं असतं तर भाजणीची चर्चा बाजूला राहिली असती, म्हणून हा वेगळा धागा. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. तपासण्या आणि औषधांचे प्रश्न इथल्या डॉक्टर मंडळींनी घ्यावेत.

आपण खाण्याचा हिशोब ताटापाशीच संपवतो. तेल किती, साखर किती, व्हेज की नॉनव्हेज. पण साखर, तेल, प्रथिनं यांचा बहुतेक भाग लहान आतड्यातच शोषला जातो. मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो तो चोथा (फायबर), थोडं न पचलेलं पिष्ट (स्टार्च), काही उरलीसुरली प्रथिनं आणि पित्तातली आम्लं. तिथे जीवाणूंची सगळी वस्ती बसलेली असते. जे येईल त्यावर ती जगते आणि त्यातून काहीतरी बनवते. त्या 'काहीतरी'वर आतड्याच्या अस्तराचं बरंचसं अवलंबून आहे.

याचा मला सगळ्यात बोलका वाटणारा प्रयोग २०१५ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या स्टीफन ओकीफ यांच्या गटाने २० आफ्रिकन-अमेरिकन माणसं घेतली आणि दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल भागातली २० खेडूत माणसं घेतली. पहिल्या गटाच्या समाजात मोठ्या आतड्याचा कॅन्सर वर्षाला लाखात ६५ जणांना होतो, दुसऱ्यात ५ पेक्षाही कमी. मग दोन आठवडे दोघांची ताटं बदलली. अमेरिकेतल्यांना मका, कडधान्यं, भेंडी, आंबा असं जेवण. त्यांचा चोथा दिवसाला १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर गेला आणि उष्मांकातला चरबीचा वाटा ३५ टक्क्यांवरून १६ वर आला. आफ्रिकेतल्यांना सॉसेज, पॅनकेक, बर्गर, फ्राइज. त्यांचा चोथा ६६ वरून १२ ग्रॅमवर, चरबी १६ वरून ५२ टक्क्यांवर.

आधी आणि नंतर कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासलं. सुरुवातीच्या तपासणीत जवळपास निम्म्या अमेरिकनांना पॉलिप (अस्तरावरचे छोटे कोंब, ज्यांतून पुढे कॅन्सर होऊ शकतो) सापडले, आफ्रिकनांपैकी एकालाही नाही. दोन आठवड्यांनी अमेरिकनांच्या आतड्यातलं ब्युटिरेट अडीचपट झालं, आफ्रिकनांचं निम्म्यावर आलं. जीवाणू पित्तातून बनवतात ती दुय्यम पित्ताम्लं अमेरिकनांत ७० टक्क्यांनी घटली, आफ्रिकनांत ४०० टक्क्यांनी वाढली. अस्तराची सूज आणि पेशी विभागण्याचा वेगही त्याच दिशेने सरकला.

ब्युटिरेट म्हणजे काय ते थोडक्यात. जीवाणू चोथा आंबवतात तेव्हा तयार होणारं हे छोटं आम्ल. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन तेच. निरोगी पेशी त्यावर पोसतात, अस्तर घट्ट राहतं, सूज आटोक्यात राहते. प्रयोगशाळेत बिघडलेल्या पेशींवर मात्र तेच ब्युटिरेट लगाम घालताना दिसतं. आता दुसरी बाजू. चरबी पचवायला यकृत पित्त सोडतं. तेल-तूप जास्त तर पित्तही जास्त, आणि त्यातला थोडा भाग मोठ्या आतड्यात उतरतो. तिथले काही जीवाणू त्याचं डीऑक्सिकोलिक आम्ल करतात, तेच वर आलेलं दुय्यम पित्ताम्ल. हे अस्तराला सतत टोचत राहतं, पेशी मरतात, नव्या घाईघाईने बनतात. घाईत चुका होतात.

आता आपलं ताट. आमच्या सोलापूरकडे आजी ज्वारी दळून आणायची ती तशीच परातीत यायची. आज आमच्याच सोसायटीत गव्हाचं पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा कचऱ्यात टाकतात आणि त्याच घरात सकाळी चमचाभर इसबगोल पाण्यात ढवळतात. रेशनवर गहू-तांदूळ आले, शहरात भाकरी थापायला वेळ उरला नाही, आणि ताट न कळत पांढरं होत गेलं. पोहे, साबुदाणा, मैद्याची बिस्किटं, पाव, भात. सगळं शुद्ध शाकाहारी. मोठ्या आतड्यात पोचण्यासारखं त्यात फार थोडं.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत ज्वारी, बाजरी, नाचणी आणि न चाळलेलं गव्हाचं पीठ यांत १०० ग्रॅमला साधारण १० ते ११ ग्रॅम चोथा आहे. पॉलिश तांदूळ आणि मैदा ३ च्या आत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते. तुमचा कालचा दिवस मोजून बघा.

निरागस_ढेरी

कालचा दिवस मोजला. मिसळपाव, चहा-खारी, डबा (भात-आमटी), वडापाव, रात्री पनीर. आता पुढे काय लिहू, धागा वाचनखूण म्हणून साठवला.

सोलापुरी_कडक

मिसळीतली मटकी धरा की हो. तेवढाच तुमचा चोथा.

तर्कटी

धागा चांगला, पण माझे दोन आणे टाकतो.

तुमच्या प्रयोगात ४० माणसं, १४ दिवस. कॅन्सर व्हायला पॉलिपपासून साधारण दहा वर्षं लागतात. तेव्हा इथे मोजलं ते कॅन्सर नव्हे, कॅन्सरच्या वाटेवरच्या खुणा. खरी परीक्षा झाली ती २००० साली. अमेरिकेत दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकाच वेळी आले. ज्यांचे पॉलिप काढले होते अशा लोकांना एका चाचणीत कमी चरबी-जास्त चोथा-भरपूर भाज्या असा आहार चार वर्षं दिला, दुसरीत गव्हाचा कोंडा. पहिल्या चाचणीत पॉलिप पुन्हा येण्याचं प्रमाण आहार बदललेल्यांत ३९.७ टक्के आणि न बदललेल्यांत ३९.५. म्हणजे काहीच फरक नाही. कोंड्याच्या चाचणीतही तेच.

आणि त्याच वर्षी युरोपातल्या एका चाचणीत रोज ३.५ ग्रॅम इसबगोल देऊन बघितलं. तिथे तर इसबगोलवाल्यांत पॉलिप पुन्हा होण्याचं प्रमाण जास्त निघालं. हे लॅन्सेटमध्ये छापलेलं आहे. चोथ्याचा भक्त व्हायच्या आधी हेही वाचावं.

रानमेवा

@तर्कटी, हे तुम्ही काढणार याची खात्री होती, आणि काढलंत ते बरं झालं.

चाचण्या खऱ्या आहेत, निकालही खरे. पण प्रश्न काय विचारला होता ते बघा. पन्नाशी-साठी उलटलेली, पॉलिप होऊन गेलेली माणसं, आणि चार वर्षांत नवा पॉलिप येतो का? अस्तरात बिघाड आधीच झालेला. जन्मभराच्या जेवणाचा परिणाम त्यातून कळत नाही. दुसरीकडे, लोक आपापलं जेवतात आणि वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला जातो अशा अभ्यासांचा एकत्र हिशोब २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. रोजच्या प्रत्येक १० ग्रॅम चोथ्यामागे आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १० टक्के कमी. त्यात धान्यांचा चोथा सगळ्यात पुढे.

इसबगोलबद्दल मला जे वाटतं ते असं: पाकिटातला एक वेगळा काढलेला चोथा आणि भाकरी-उसळीतला चोथा एकच नव्हे. इसबगोल आतड्यात फारसं आंबतच नाही, ते पाणी धरून ठेवतं. बद्धकोष्ठासाठी कुणी घेत असेल तर घाबरून बंद करू नये, पण ते भाकरीला पर्याय म्हणून घेऊ नये.

तर्कटी

निरीक्षणात्मक अभ्यासांत भाकरी खाणारा माणूस चालतोही जास्त, दारू कमी पितो, वजनही बरं असतं. गणिताने हे वजा करतात, पण पूर्ण वजा होत नाही. तेवढं नोंदवून थांबतो. भाकरीला माझा विरोध नाही, दाव्याच्या आकाराला आहे.

शल्यक

पोटाचा सर्जन आहे. ओपीडी संपवून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

वरच्या चर्चेत शीर्षकातली ढेरी अजून आलीच नाही. लठ्ठपणा आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर यांचा संबंध आता वादाचा राहिलेला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जास्तीच्या चरबीशी जोडलेल्या १३ कॅन्सरची यादी केली, त्यात हा आहे. कारणं अनेक. पोटातली, म्हणजे आतड्यांभोवती आणि यकृतावर साठणारी चरबी गप्प बसत नाही. ती सूज वाढवणारे रेणू रक्तात सोडत राहते. इन्शुलिनला शरीर दाद देईनासं होतं, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्शुलिन ओततं. इन्शुलिन आणि त्याचा भाऊबंद आयजीएफ-१ हे दोन्ही पेशींना 'वाढा' असा निरोप देतात. आतड्याचं अस्तर तसंही दर चार-पाच दिवसांनी नवं होत असतं. तिथे वाढीचा निरोप सतत येत राहणं बरं नाही.

आणि इथे वजनकाटा फसवतो. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशी माणसं भरपूर. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २४, म्हणून निवांत. आशियाई लोकांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर कंबर ही मर्यादा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी इंडियाब पाहणीत (२०२३ मध्ये प्रसिद्ध) सर्वसाधारण लठ्ठपणा २८.६ टक्के होता आणि पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के. या दोन आकड्यांमधली जी माणसं आहेत ती स्वतःला बारीक समजतात.

टेप नाभीच्या आसपास, बरगडीची खालची कड आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची. श्वास सोडून. पोट आत ओढून नाही. आमच्या ओपीडीत पुरुष हमखास ओढतात.

निरागस_ढेरी

श्वास सोडून मोजली. आयडी बदलायला हवा, 'निरागस' शब्द काढून टाकतो.

पिट्टूकर

गंमत म्हणजे ज्या विद्यापीठाचा प्रयोग वर आलाय त्याच गावात मी राहते, त्यामुळे लिहायलाच हवं.

इथे आमच्या देसी मंडळींचं होतं काय, भारतातलं तूप-मिठाई सुटत नाही आणि अमेरिकेतलं सीरियल-बेगल-चीज वर चढतं. दोन्हीकडचं नेमकं चोथा नसलेलं उचलायचं. ज्वारीचं पीठ देसी दुकानात मिळतं, पण ते कधी दळलेलं असतं देव जाणे. भाकरी थापताना तुटते म्हणून लोक सोडून देतात. मी गरम पाण्यात उकड काढून करते, मग लाटतासुद्धा येते.

स्थलांतराचा परिणाम जपान्यांमध्ये फार पूर्वी दिसला होता. जपानातून हवाईला गेलेल्या लोकांत आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण थोड्याच काळात तिथल्या गोऱ्यांच्या जवळ पोचलं. जनुकं तीच. बदललं ते भोवतालचं, आणि त्यात ताट आलंच.

आणखी एक. इथे २०२१ पासून तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलंय, कारण तरुणांत वाढतोय. 'ब्लॅक पँथर'मधला चॅडविक बोसमन २०२० मध्ये गेला तेव्हा ४३ वर्षांचा होता. भारतात काय नियम आहे?

शल्यक

@पिट्टूकर, भारतात या कॅन्सरसाठी सरसकट तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन आहेत. लोकसंख्येच्या मानाने आपलं प्रमाण अजून पाश्चात्त्यांपेक्षा बरंच कमी आहे, हेही त्यामागचं कारण. पण जे रुग्ण येतात त्यांत तरुण बरेच, आणि उशिरा आलेले बरेच.

ज्यांच्या आई-वडील, भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झालाय त्यांनी चाळिशीत, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा डॉक्टरांशी कोलोनोस्कोपीबद्दल बोलावं.

मालवणी_मसाला

आम्ही मासे खाणारे. आमचं काय? आणि सुकट-बोंबील प्रक्रिया केलेल्या मांसात मोडतात का? आमचे गोंयकार मित्र चोरीसवर (गोव्याचं मसालेदार सॉसेज) जगतात, त्यांनाही सांगायला हवं.

रानमेवा

@मालवणी_मसाला, मासे त्यात येत नाहीत. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये कर्करोग संस्थेने जे वर्गीकरण केलं त्यात 'लाल मांस' म्हणजे सस्तन प्राण्यांचं: बोकड, मेंढी, डुक्कर, गाय-म्हैस. ते 'बहुधा कारक' गटात. 'प्रक्रिया केलेलं मांस' म्हणजे मीठ लावून, मुरवून, धुरावून, नायट्राइट घालून टिकवलेलं: सॉसेज, सलामी, हॅम, बेकन. ते थेट पहिल्या, म्हणजे 'नक्की कारक' गटात. यात चिकनची सलामीही आली. 'चिकनची आहे, हलकी असते' म्हणून मुलांच्या डब्यात घालणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. चोरीसही त्यातच. दोरीवर टांगून वाळवलेला बोंबील त्यात नाही, पण खारवलेल्या मासळीचं मीठ ब्लडप्रेशरवाल्यांनी जपून.

अमेरिकेतल्या ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांच्या अभ्यासात (२०१५) शाकाहारी मंडळींना मांसाहारींपेक्षा हा कॅन्सर २२ टक्के कमी होता. आणि मासे खाणाऱ्या शाकाहारींना ४३ टक्के कमी. तुमची बाजू भक्कम आहे.

मालवणी_मसाला

हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावतो. बायको शाकाहारी आहे.

तर्कटी

फ्रिजवर लावायच्या आधी: ब्रिटनमधल्या ऑक्सफर्डच्या अभ्यासात शाकाहारींना असा फायदा दिसला नव्हता. शाकाहारी माणूस नेमकं खातो काय, यावर ते ठरत असावं. म्हणजे रानमेवांचाच मुद्दा, मी उगाच त्यांना मदत करतोय.

आणि पहिला गट म्हणजे सिगारेटइतकं घातक, असा अर्थ नव्हे. गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचा आकार नाही. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज. मुळात धोका लहान असेल तर त्याचे १८ टक्के अजून लहान. नाताळात एकदा चोरीस-पाव खाणाऱ्याने झोप उडवून घेऊ नये.

उगाच_आपलं

मांसाचं सोडा, बिस्किटं आणि इन्स्टंट नूडल्सचं बोला. घरात मुलं त्यावर वाढतायत.

रानमेवा

@उगाच_आपलं, रास्त प्रश्न. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या तीन मोठ्या गटांच्या माहितीवरून दिसलं की अतिप्रक्रिया केलेलं अन्न सर्वाधिक खाणाऱ्या पुरुषांत या कॅन्सरचा धोका २९ टक्के जास्त. बायकांत एकूणात तसं दिसलं नाही, आणि का ते अजून नीट उलगडलेलं नाही. गोड पेयांचं मात्र बायकांतही दिसलं. तिथल्या परिचारिकांच्या अभ्यासात दिवसाला दोन किंवा जास्त गोड पेयं पिणाऱ्यांना पन्नाशीच्या आत हा कॅन्सर व्हायची शक्यता दुपटीहून जास्त होती.

एक उंदरांवरचं काम सांगते, उंदरांवरचं आहे हे ध्यानात ठेवून वाचा. आइस्क्रीम, सॉस, केक यांत तेल आणि पाणी एकजीव राहावं म्हणून इमल्सिफायर घालतात. २०१५ मध्ये कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज आणि पॉलिसॉर्बेट-८० हे दोन उंदरांच्या पाण्यात मिसळून दिले. आतड्याच्या अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो, जो जीवाणूंना पेशींपासून चार हात लांब ठेवतो. उंदरांत जीवाणू त्या थरात आत शिरले, मंद सूज आली, वजन वाढलं, साखर बिघडली. पाकिटावर हे ४६६ आणि ४३३ अशा आकड्यांनी छापलेले असतात. बघून ठेवा.

तरुणांमधल्या वाढीचं सगळं खापर मात्र आहारावर फोडता येणार नाही. २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ रुग्णांच्या गाठींची जनुकं वाचली, तेव्हा चाळिशीच्या आतल्या रुग्णांत कोलिबॅक्टिन या जीवाणूजन्य विषाच्या खुणा सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त सापडल्या. हे विष ई. कोलाय या जीवाणूच्या काही जाती बनवतात, आणि हा घाव बहुधा बालपणीच बसतो. त्या जाती काही मुलांच्याच आतड्यात का टिकतात, यावर काम चालू आहे.

वाटेवरची_सावली

सहसा वाचनमात्र असते, पण हे लिहावंसं वाटलं.

माझ्या धाकट्या मामाला शौचातून रक्त पडायला लागलं तेव्हा तो चाळिशीत होता. जवळच्या डॉक्टरांनी मूळव्याध सांगून मलम आणि गोळ्या दिल्या. कमी व्हायचं, परत सुरू व्हायचं. मामाचं बसून काम, जेवण बाहेरचं, पोट सुटलेलं, म्हणून आम्हालाही ते पटलं. आजी रोज ताक-भात आणि सुरण करून पाठवायची. कुणी एकदाही हातमोजा घालून तपासलं नाही. शेवटी अंगातलं रक्त इतकं कमी झालं की जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा मुंबईला नेलं. गाठ गुदाशयात होती. ऑपरेशन, किमो, पोटावर शौचाची पिशवी सगळं झालं. आज मामा कामावर जातो. पिशवीबद्दल आमच्या घरात अजून कुणी मोठ्याने बोलत नाही, तो स्वतः मात्र लग्नात पंगतीला बसून सांगतो, "मला बासुंदी कमी वाढा, पिशवी छोटी आहे."

शल्यक

@वाटेवरची_सावली, मामांना दंडवत.

सगळ्यांसाठी, हे माझ्याकडे जवळपास रोज घडतं म्हणून. शौचातून रक्त म्हणजे मूळव्याध, हे घरच्या घरी ठरवू नका. बऱ्याचदा मूळव्याधच असते, पण बोटाने तपासणी केल्याशिवाय तसं म्हणता येत नाही. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ बोटाला लागते. दोन मिनिटांचं काम आहे. डॉक्टरांनी केलं नाही तर तुम्ही विचारा, लाजू नका. आणि मूळव्याध आहे म्हणून वर गाठ नसेल असंही नाही, दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणं, पोट पूर्ण साफ न झाल्यासारखं वाटणं, विनाकारण वजन उतरणं, आणि पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या बायकांत हिमोग्लोबिन घसरणं. यांपैकी काही असेल तर आधी तपासणी, भाकरी नंतर. आहार धोका कमी करतो, झालेली गाठ विरघळवत नाही. मला गव्हांकुराचा रस पिऊन सहा महिने घालवलेले रुग्ण भेटतात.

सोलापुरी_कडक

चोथा वाढवायचा ठरवून मी एकदम राजमा, छोले, मटकी असा सपाटा लावला. पोट नगारा. बायकोने हॉलमध्ये झोपायला लावलं. हे सगळ्यांना होतं का माझीच वस्ती बिघडलीय?

रानमेवा

@सोलापुरी_कडक, वस्तीला सवय नाही इतकंच. चोथा आंबवणारे जीवाणू कमी असतात, ते वाढायला काही आठवडे लागतात. एका वेळी एकच बदल करा. आधी दुपारच्या दोन पोळ्यांच्या जागी एक भाकरी. मग एक वाटी उसळ. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यायचं, मोड आणायचे, हिंग-जिरं घालून नीट शिजवायचं. पाणी वाढवायचं. ज्यांना आयबीएस (आतडं सतत कुरकुरण्याचा त्रास) किंवा आतड्याची सूज आहे त्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच, त्यांना काही चोथे सोसत नाहीत.

शिळ्या भाताबद्दल व्यनित (व्यक्तिगत निरोपात) दोघांनी विचारलं, इथेच लिहिते. भात शिजून गार झाला की त्यातलं काही पिष्ट परत आवळून बसतं आणि लहान आतड्यात पचत नाही. ते मोठ्या आतड्यात जाऊन चोथ्यासारखं वागतं. पुन्हा गरम केल्यावरही सगळं जात नाही. तेव्हा फोडणीच्या भाताला माझ्याकडून हिरवा कंदील, फक्त भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. गार झाला की लगेच फ्रिज, नाहीतर बॅसिलस सेरियस नावाचा, पोट बिघडवणारा जीवाणू पाहुणा येतो.

अशा पिष्टावर इंग्लंडातून एक मोठी चाचणी झाली आहे. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषामुळे ज्यांना कॅन्सर होण्याची शक्यता फार, अशा सुमारे हजार लोकांत काहींना रोज ३० ग्रॅम दिलं. २०२२ मध्ये आलेला दीर्घकाळचा निकाल चक्रावणारा होता. मोठ्या आतड्याचा कॅन्सर कमी झाला नाही. जठर, लहान आतडं, स्वादुपिंड अशा इतर ठिकाणचे मात्र निम्म्याहून जास्त घटले. @तर्कटी, हे तुम्ही काढायच्या आत मीच काढते.

तर्कटी

पान खाऊन आलो तोवर माझा प्रतिसाद चोरीला गेला.

पिट्टूकर

ताकाचं कुणी बोललं नाही. इथे स्टॅनफर्डला ३६ जणांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला होता (२०२१). एका गटाला भरपूर चोथा, दुसऱ्याला दही, केफिर (ताकासारखं आंबवलेलं दूध), किमची (आंबवलेला कोबी) असं आंबवलेलं. आंबवलेल्या गटात जीवाणूंची विविधता वाढली आणि सुजेशी संबंधित १९ प्रथिनं खाली आली. चोथ्याच्या गटात विविधता तेवढ्या काळात वाढली नाही. मला वाटतं आंबील हे दोन्हीचं उत्तर आहे. नाचणीचं पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवायचं. शिजवल्यावर जीवाणू मरतात हे मान्य, म्हणून वरून ताजं ताक घालायचं.

रानमेवा

आणि नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम. २०२५ च्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या साडेपाच लाखांच्या आसपास बायकांच्या अभ्यासात आहारातले ९७ घटक तपासले. त्यात कॅल्शियम सगळ्यात उठून दिसलं. रोज जास्तीचं ३०० मिलिग्रॅम, म्हणजे एक मोठा पेला दूध, त्यामागे धोका १७ टक्के कमी. कॅल्शियम त्या त्रासदायक पित्ताम्लांना पकडून बाहेर नेत असावं असा तर्क आहे. उलट दिशेने सगळ्यात उठून दिसली दारू.

उगाच_आपलं

शुक्रवारी संध्याकाळी हे लिहायची काय गरज होती?

निरागस_ढेरी

शल्यक, तुमचा प्रतिसाद वाचून डॉक्टरांकडे जाऊन आलो. वडिलांना हा कॅन्सर झाला होता हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी कोलोनोस्कोपी आहे. धागा वाचून मी जोरात भाकरी-उसळ-पेरू सुरू केलंय, ते चालू ठेवू ना?

शल्यक

@निरागस_ढेरी, गेलात हे उत्तम केलंत. पण सोमवारपासून भाकरी, उसळ, पेरू, पालेभाज्या, तीळ, राजगिरा, टोमॅटोच्या बिया सगळं बंद. पेरूच्या बिया दुर्बिणीच्या तोंडाशी अडकतात आणि चोथ्याखाली लहान पॉलिप दडून राहतो. सोमवार-मंगळवार मऊ भात, वरणाचं वरचं पाणी, पांढरा ब्रेड, साल काढलेला बटाटा, ताक. आदल्या दिवशी फक्त पातळ: गाळलेलं सूप, शहाळं, काळा चहा. लाल-जांभळी सरबतं नकोत, आत रक्तासारखी दिसतात. रक्त पातळ करायची गोळी किंवा साखरेची औषधं असतील तर ती कधी थांबवायची ते आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. साफ करायचं औषध दोन हप्त्यांत देतात. दुसरा हप्ता पहाटे असतो, तो चुकवू नका. ऑफिसला बुधवारी दुपारनंतर सुट्टी टाका.

निरागस_ढेरी

पांढरा ब्रेड डॉक्टरांच्या सांगण्यावरून. बायकोला दाखवायला स्क्रीनशॉट घेतला.